टणक भिंगांच्या अवस्था संगणकावर कशा शोधायच्या: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

एकमेकांत घुसू शकत नाहीत, पण एरवी एकमेकांना ओढतही नाहीत आणि ढकलतही नाहीत, अशा कणांना टणक कण म्हणतात. असे कण पेटीत भरून पेटी हळूहळू दाबत गेलो, तर तेवढ्यावरच ते कधी द्रवासारखे वाहतात, कधी सगळे एका दिशेला वळतात, तर कधी स्फटिक होऊन बसतात. कणांमध्ये आकर्षण नसल्यामुळे या बदलांमागे ऊर्जेचा हात नसतो. सगळा खेळ एंट्रॉपीचा, म्हणजे किती वेगवेगळ्या मांडण्या शक्य आहेत याचा असतो: रांगेत लागल्यावर प्रत्येक कणाला हलायला जास्त जागा मिळत असेल, तर कण रांगेत लागतात. टणक गोल असे गोठतात हे अ‍ॅल्डर आणि वेनराइट, तसेच वुड आणि जेकबसन यांनी १९५७ मध्ये संगणकावर दाखवले. चपट्या किंवा लांबट कणांच्या दिशा केवळ गर्दीमुळे जुळू शकतात, हे ऑन्सागर यांनी १९४९ मध्येच मांडले होते.

बहिर्वक्र भिंगाच्या आकाराचे कण या दोन्हींच्या मधोमध बसतात. जाड भिंग जवळजवळ गोल असते आणि पातळ भिंग जवळजवळ चकती. म्हणून एकाच कोडमध्ये जाडी आणि रुंदी यांचे गुणोत्तर बदलत गेलात की वेगवेगळ्या अवस्था भेटतात. मी या वाटेने गेलो आहे. कुठे थांबून तपासायचे हे आधी कळले तर तुमचा पुष्कळ वेळ वाचेल, म्हणून पायऱ्या क्रमाने लिहितो.

१. हाताशी काय हवे

- पदवीच्या पातळीची सांख्यिकीय यामिकी: विभाजन फलन, दाब, मुक्त ऊर्जा
- सी++, फोर्ट्रान किंवा ज्युलिया यांपैकी एक भाषा, आणि आलेखांसाठी पायथन
- चांगला यादृच्छिक संख्या जनक, उदाहरणार्थ मर्सेन ट्विस्टर, आणि प्रत्येक धावेचे (कोड एकदा चालवणे म्हणजे एक धाव) बीज, म्हणजे जनकाला दिलेली सुरुवातीची संख्या, लिहून ठेवण्याची सवय
- कण पाहण्यासाठी ओविटोसारखे साधन
- साधा संगणक. हजार कणांपर्यंतच्या सुरुवातीच्या धावांना तो पुरतो.

टणक कणांच्या मॉंटे कार्लोसाठी (कणांना यादृच्छिक चाली देऊन मांडण्या तपासायची पद्धत) हूमड-ब्लूसारखी तयार पॅकेजेसही आहेत. तरी पहिला कोड स्वतः लिहा असे मी आग्रहाने सांगेन. भिंगाचा सगळा जीव ‘दोन कण एकमेकांत घुसले आहेत का’ या एका प्रश्नात आहे आणि त्याचे उत्तर स्वतः काढल्याशिवाय पुढचे निकाल कशावर उभे आहेत हे समजत नाही.

२. भिंग संख्यांत मांडा

सारख्या त्रिज्येचे दोन गोल एकमेकांत शिरले की त्यांचा सामाईक भाग म्हणजे आपले भिंग. चार लांबी लागतात: काठाची त्रिज्या क, मधोमधची अर्धी जाडी ज, मूळ गोलांची त्रिज्या त्र आणि भिंगाच्या मध्यापासून प्रत्येक गोलाच्या केंद्रापर्यंतचे अंतर द.

त्र = (क² + ज²) ÷ (२ × ज)
द = त्र − ज
आकारमान = पाय (π) × ज × (३क² + ज²) ÷ ३

भिंगाचे गुणोत्तर म्हणजे ज ÷ क. ते १ असेल तर भिंग पूर्ण गोल होते आणि द शून्य होतो. या लेखात मी क = १, ज = ०.२ हे उदाहरण घेतो. त्यात त्र = २.६, द = २.४ आणि आकारमान सुमारे ०.६३६७ येते.

कणाची जागा सांगायला एक बिंदू आणि एक एकक सदिश पुरतो, कारण भिंग आपल्या अक्षाभोवती सगळीकडून सारखे असते. ते वरून आणि खालूनही सारखेच असते, त्यामुळे सदिश आणि त्याचा उलटा सदिश यांचा अर्थ एकच. हे लक्षात ठेवा, आठव्या पायरीत लागेल.

पेटी किती भरली हे ‘भराव’ या संख्येने मोजतात: सगळ्या कणांचे मिळून आकारमान भागिले पेटीचे आकारमान. तापमान वेगळे बदलण्यात अर्थ नाही, कारण टणक कणांना तापमानाचे स्वतःचे माप नसते. दाब नेहमी एका कणाच्या आकारमानाने गुणून आणि बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान याने भागून लिहा.

३. दोन भिंगे एकमेकांत घुसली आहेत का?

पहिली कल्पना सगळ्यांना एकच सुचते: भिंग म्हणजे दोन गोलांचा छेद, तेव्हा दोन भिंगांचे मिळून चार गोल झाले, ते जोडीजोडीने तपासू. हा मोठा सापळा आहे. चारही गोल जोडीजोडीने एकमेकांना छेदत असले, तरी चौघांत सामाईक असा एकही बिंदू नसेल असे सहज होते. बहिर्वक्र वस्तूंचे छोटे गट तपासून सगळ्यांना सामाईक बिंदू आहे का हे सांगणारे हेलीचे प्रमेयही त्रिमितीत चार वस्तूंबद्दल यापेक्षा सोपी सूट देत नाही. चौघांचा एकत्र छेदच तपासावा लागतो. जोडीची तपासणी फक्त ‘नक्की घुसलेली नाहीत’ एवढेच सांगू शकते.

योग्य उत्तर फार सुंदर आहे. चारही गोलांची त्रिज्या सारखीच, त्र. एखादा बिंदू चौघांत सामाईक असणे म्हणजे त्या बिंदूपासून चारही केंद्रे त्र किंवा त्याहून कमी अंतरावर असणे. म्हणजेच त्या बिंदूभोवती काढलेल्या त्र त्रिज्येच्या गोलात चारही केंद्रे मावणे. म्हणून चार केंद्रांना सामावून घेणारा सर्वात लहान गोल काढा. त्याची त्रिज्या त्र पेक्षा कमी असेल तर भिंगे घुसली आहेत, जास्त असेल तर नाहीत, बरोबर असेल तर ती एकमेकांना टेकली आहेत. इथे अंदाज नाही, पुनरावृत्ती नाही, उत्तर अचूक आहे.

चार बिंदूंचा सर्वात लहान वेष्टन गोल काढणे सोपे आहे. दोन-दोन बिंदूंच्या सहा जोड्या घ्या. जोडीतले अंतर हा व्यास धरून गोल काढा. तीन-तीन बिंदूंचे चार त्रिकोण घ्या. त्यांच्या परिवर्तुळाचा गोल काढा. शेवटी चारही बिंदूंतून जाणारा एक गोल. असे जास्तीत जास्त अकरा उमेदवार होतात. त्यांपैकी उरलेले बिंदूही ज्यात मावतात असा सर्वात लहान गोल निवडा. मोठ्या बिंदुसंचांसाठी वेल्झल यांची १९९१ ची पद्धत आहे, पण चार बिंदूंना अकरा उमेदवार पुरेसे आहेत. बिंदू एका रेषेत किंवा एका प्रतलात आले की भागाकार शून्याने होऊ शकतो. तसे उमेदवार सरळ वगळा, कारण त्या वेळी उत्तर कमी बिंदूंच्या गोलातच मिळते.

हे गणित प्रत्येक जोडीसाठी करू नका. आधी दोन मध्यांमधले अंतर पाहा. ते २क पेक्षा जास्त असेल तर भिंगे एकमेकांपर्यंत पोहोचतच नाहीत. ते २ज पेक्षा कमी असेल तर घुसलेली आहेतच, कारण प्रत्येक भिंगात ज त्रिज्येचा एक पूर्ण गोल मावतो. मधल्या अंतरांनाच वेष्टन गोलाची कसोटी लावा.

आणखी एक इशारा पातळ भिंगांबद्दल. ज = ०.०१ घेतले तर त्र सुमारे ५० होते आणि जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करून छोटी जाडी काढावी लागते. संख्या दुहेरी अचूकतेतच ठेवा. ग्राफिक्स कार्डावर वेगासाठी एकेरी अचूकता वापरण्याचा मोह इथे महागात पडतो.

४. कसोटीची कसोटी

पुढे जाण्याआधी कोडला चार प्रश्न विचारा. क = १, ज = ०.२ याच भिंगाची उत्तरे अशी यायला हवीत:

- एकावर एक, अक्ष एकाच रेषेत: मध्यांमधले अंतर ०.४ झाल्यावर टेकतात.
- शेजारी-शेजारी, एकाच पातळीत: अंतर २ झाल्यावर टेकतात.
- एक आडवे, त्याच्या बरोबर मध्यावर दुसरे काठावर उभे: अंतर १.२ झाल्यावर टेकतात.

चौथा प्रश्न सर्वात कडक आहे. एक भिंग मध्यावर ठेवा. दुसरे भिंग बाजू ४ असलेल्या घनात यादृच्छिक जागी आणि यादृच्छिक दिशेने टाका. असे दहा लाख वेळा करा. किती वेळा ते घुसले?

याचे उत्तर हाताने काढता येते. बहिर्वक्र कणांसाठी दुसरा व्हिरिअल गुणांक (एका कणामुळे दुसऱ्याच्या मध्याला बंद होणाऱ्या सरासरी जागेचा अर्धा भाग) म्हणजे आकारमान अधिक पृष्ठफळ गुणिले सरासरी वक्रता-त्रिज्या. भिंगाचे पृष्ठफळ ४ × पाय × त्र × ज. सरासरी वक्रता-त्रिज्येत काठाचा वाटा धरायला विसरू नका, तीक्ष्ण काठच इथे सर्वात मोठा भाग देतो: ती ज + क × (पाय − २ × कोन) ÷ ४ इतकी येते, आणि या कोनाची साइन म्हणजे क ÷ त्र. आपल्या भिंगासाठी ही त्रिज्या ०.७८८, पृष्ठफळ ६.५३५ आणि गुणांक ५.७८६ येतो. त्याची दुप्पट भागिले ६४ म्हणजे ०.१८०८. दहा लाख फेकींत तुमचे उत्तर यापासून एक हजारांशाच्या आतच यायला हवे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दशांश स्थळीच फरक पडला तर कसोटीत चूक आहे, किंवा दिशा नीट निवडल्या जात नाहीत. दोन कोन सारख्या शक्यतेने निवडले की ध्रुवांजवळ गर्दी होते. गोलाच्या पृष्ठावर समान विखुरलेली दिशा काढायची मार्सालिया यांची १९७२ ची पद्धत वापरा.

ही चार उत्तरे बरोबर आल्याशिवाय पुढची एकही धाव सुरू करू नका.

५. चाली

दाब ठरवून पेटीचे आकारमान बदलू देणारी मॉंटे कार्लो पद्धत घ्या. तीन चाली असतात: कण सरकवणे, कण वळवणे, पेटी बदलणे. पहिल्या दोन चालींत नियम एकच: कुठेही घुसले नाही तर चाल मान्य, घुसले तर अमान्य. वळवण्यासाठी एकक सदिशात छोटा यादृच्छिक सदिश मिळवून पुन्हा लांबी १ करा.

पेटीच्या चालीत नवीन माणूस हमखास एक संज्ञा गाळतो. चाल मान्य होण्याच्या शक्यतेचा घातांक असा:

कणसंख्या × लॉग(नवे आकारमान ÷ जुने आकारमान) − दाब × (नवे − जुने आकारमान) ÷ (बोल्ट्झमन स्थिरांक × तापमान)

पहिली संज्ञा लिहायची राहून गेली तर पेटी आकसतच जाते. आकारमानाऐवजी त्याच्या लॉगमध्ये समान पावले टाकत असाल, तर कणसंख्येच्या जागी कणसंख्या अधिक १ येते.

पेटीचा आकार कधी बदलू द्यायचा? द्रव आणि नेमॅटिक अवस्थेत (दिशा जुळलेल्या, पण जागा विस्कळीत) फक्त आकारमान बदला, पेटीचा घनाकृती आकार तसाच ठेवा. द्रवाला पेटीच्या आकाराशी देणेघेणे नसल्यामुळे तो मोकळा सोडला की पेटी भरकटत जाऊन पापडासारखी चपटी होऊ शकते, आणि मग कण स्वतःच्याच प्रतिमेला भेटतो, कारण पेटीच्या प्रत्येक बाजूला तीच पेटी पुन्हा आहे असे आपण धरतो. स्फटिकात मात्र तिन्ही बाजू आणि तिन्ही कोन मोकळे सोडलेच पाहिजेत, नाहीतर स्फटिकावर खोटा ताण राहतो. प्रत्येक बाजूची रुंदी ४क पेक्षा जास्त राहते का यावर नजर ठेवा.

पावलांची लांबी फक्त स्थिरावण्याच्या काळात बदला. मोजमाप सुरू झाले की ती गोठवा.

६. आधी गोल

ज = क = १ ठेवा. तुमचे भिंग आता टणक गोल आहे आणि टणक गोलांबद्दल खूप काही पक्के माहीत आहे. कार्नाहन आणि स्टार्लिंग यांच्या १९६९ च्या समीकरणानुसार भराव ०.४० असताना संपीड्यता गुणांक (दाब भागिले तेवढ्याच घनतेच्या आदर्श वायूचा दाब) ६.९३ येतो, म्हणजे आपल्या एककांत दाब २.७७. तुम्ही २.७७ दाब द्या, भराव ०.४० च्या अगदी जवळ यायला हवा. द्रव ०.४९४ पर्यंत टिकतो, स्फटिक ०.५४५ पासून सुरू होतो आणि गोल जास्तीत जास्त ०.७४०५ पर्यंत भरता येतात. या पायरीत दोन-दोन केंद्रे एकाच जागी येतात, त्यामुळे वेष्टन गोलाच्या कोडमध्ये शून्याने भागाकार कुठे होतो तेही उघड होते.

७. दाबत न्या, आणि सैल करतही या

विरळ, विस्कळीत मांडणीपासून सुरुवात करून दाब थोडा-थोडा वाढवत जा. प्रत्येक पायरीची शेवटची मांडणी पुढच्या पायरीची सुरुवात. मग उलटी दिशा: पूर्ण स्फटिक घ्या आणि दाब कमी करत या. दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. जिथे ते वेगळे होतात तिथे संक्रमण दडलेले आहे. फक्त दाबत नेण्यावर विश्वास ठेवून अवस्था-चित्र काढू नका.

नेमॅटिक कुठे शोधावे याचा पहिला अंदाज अतिपातळ चकत्यांवरून घेता येतो. एपेंगा आणि फ्रेंकेल यांनी १९८४ मध्ये दाखवले की जाडी शून्य असलेल्या चकत्यांत संख्या-घनता गुणिले व्यासाचा घन ही संख्या साधारण ४ झाली की दिशा जुळतात. भिंग जाड असेल तर आकडा सरकतो, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद पट्टा तपासा.

८. कोणती अवस्था आहे हे ओळखा

सदिशांची साधी सरासरी काढू नका. वर-खाली सारखे असल्यामुळे ती पूर्ण जुळलेल्या मांडणीतही शून्य येईल. प्रत्येक कणासाठी दीडपट (सदिश × सदिश) वजा अर्धा एकक आव्यूह घ्या, सरासरी काढा आणि त्या आव्यूहाची सर्वात मोठी स्वमूल्य-संख्या वाचा. ही दिशा-सुव्यवस्था. ती १ जवळ असेल तर भिंगे समांतर आहेत. विस्कळीत द्रवातही ती नेमकी शून्य येत नाही; हजार कणांत काही शतांश उरतेच, आणि कण वाढवले की ती कमी होते. असे होत नसेल तरच खरी सुव्यवस्था आहे असे समजा.

मग जागांची सुव्यवस्था पाहा: मध्यांचे वितरण-फलन (एका कणापासून ठरावीक अंतरावर दुसरा कण किती वेळा सापडतो), समांतर आणि लंब दिशांत वेगवेगळे.

- दिशा नाही, जागा नाही: द्रव
- दिशा आहे, जागा नाही: नेमॅटिक
- जागा आहे, दिशा नाही: प्लॅस्टिक स्फटिक, जवळजवळ गोल भिंगांत दिसतो
- दोन्ही आहेत: स्फटिक

थर किंवा खांब दिसायलाच हवेत अशा अपेक्षेने बसू नका. व्हीरमन आणि फ्रेंकेल यांना १९९२ मध्ये खांबांची अवस्था मिळाली ती वरून-खालून सपाट कापलेल्या गोलांत. भिंगाला सपाट तळ नाही. सिनाक्की आणि टॉर्क्वाटो यांनी २०१५ मध्ये भिंगांचे अवस्था-चित्र काढले, तेव्हा ते ढोबळमानाने चपट्या लंबगोलांच्या चित्रासारखे निघाले; फरक जास्त दिसला तो दाट स्फटिकात.

चित्र पाहतानाही सावध राहा. भिंगांच्या जागी तेवढ्याच लांबी-जाडीचे चपटे लंबगोल दाखवणे सोयीचे वाटते, पण भिंग त्या लंबगोलाच्या आत मावते आणि आपल्या उदाहरणात त्याचे आकारमान लंबगोलाच्या ७६ टक्केच आहे. दाट मांडणीत चित्रातले कण एकमेकांत घुसलेले दिसतील आणि तुम्ही बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसाल. भिंगाचा खरा जाळीदार आकार बनवून तोच दाखवा.

९. संक्रमण नेमके कुठे?

दोन आलेखांमधली फट म्हणजे उत्तर नव्हे. दोन्ही अवस्थांची मुक्त ऊर्जा काढा आणि दाब व रासायनिक विभव जिथे सारखे होतात ते शोधा. द्रवासाठी विरळ वायूपासून दाबाचे संकलन करा. स्फटिकासाठी फ्रेंकेल आणि लॅड यांची १९८४ ची पद्धत वापरा: कणांना त्यांच्या जागांशी आणि दिशांशी काल्पनिक स्प्रिंगांनी बांधा आणि स्प्रिंगा हळूहळू सैल करा. नेमॅटिकपर्यंत जाताना संक्रमण ओलांडू नका; दिशा जुळवणारे एक क्षेत्र लावून वळसा घ्या आणि शेवटी क्षेत्र काढून टाका. एका गुणोत्तरावर सहअस्तित्वाचा एक बिंदू मिळाला की कोफके यांच्या १९९३ च्या गिब्ज-डुहेम संकलनाने पुढची गुणोत्तरे स्वस्तात मिळतात.

१०. दाट टोकाला काय सांभाळायचे

गोलांचा स्फटिक एका दिशेने दाबून भिंगांचा स्फटिक बनवायचा मोह होतो. तो फक्त सुरुवातीची मांडणी म्हणून चालेल, सर्वात दाट मांडणी म्हणून नाही. २०१५ च्या त्या कामात भिंगांच्या सर्वात दाट ज्ञात मांडण्या दोन प्रकारच्या निघाल्या: एक काय-केंद्रित ऑर्थोऱ्हॉम्बिकसारखी, दोन कणांच्या पायावरची; दुसरी मोनोक्लिनिक, एका कणाच्या जाळीची. दोघींची दाटी सारखीच. त्यांचे थर कोणत्याही क्रमाने एकमेकांवर रचले तरी दाटी बदलत नाही, म्हणून सारख्या दाटीच्या मांडण्या अगणित होतात. यांतली कोणती ऊष्मागतिकीच्या दृष्टीने स्थिर, हा निर्णय त्या कामात पुढे ठेवलेला होता. तुम्ही स्फटिकाची मुक्त ऊर्जा काढाल तेव्हा दोन्ही मांडण्यांपासून वेगवेगळ्या धावा करा आणि थरांचा क्रम लिहून ठेवा.

बहुधा याच कारणाने भिंगे स्फटिक व्हायला नाखूश असतात आणि काच (विस्कळीत अवस्थेतच अडकलेली मांडणी) बनायला तयार. गुणोत्तर २/३ असलेले भिंग यात सर्वात पुढे आहे: त्याची विस्कळीत, अडकलेली मांडणी सुमारे ०.७३ भरावापर्यंत पोहोचते, तर सर्वात दाट ज्ञात स्फटिक ०.७६२ वर आहे. इतक्या कमी अंतरामुळे केवळ भराव पाहून ‘स्फटिक झाला’ असे म्हणता येत नाही. दिशा-सुव्यवस्था आणि वितरण-फलन दोन्ही पाहा, आणि दाबण्याचा वेग बदलून पुन्हा करा. वेगाबरोबर भराव बदलत असेल तर तुम्ही समतोलात नाही.

पहिल्या फेरीसाठी तीन गुणोत्तरे घ्या: १, २/३ आणि ०.२. पहिल्यावर कोड तपासला जाईल, दुसऱ्यावर काच आणि स्फटिक यांतला फरक ओळखायची सवय होईल, आणि तिसऱ्यावर नेमॅटिक शोधा. ०.२ च्या धावांना वेळ जास्त द्या. द्रव ते नेमॅटिक ही उडी लहान असते, त्यामुळे संक्रमणाजवळ दिशा-सुव्यवस्था बराच काळ वर-खाली हेलकावत राहते. अशा ठिकाणी धाव किमान दुप्पट लांब करा आणि कणसंख्या बदलून पुन्हा मोजा.